समजून घ्या : कारखाना रोह्यात, मालक परदेशात; कामगाराने दाद कुठे मागायची?

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत गेटवरची पाटी बदलते, आत जाणारे कामगार तेच राहतात. इथला एक रंगद्रव्य कारखाना २०२२मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लॅरियंटकडून जर्मनीच्या ह्युबाख समूहाकडे गेला. मार्च २०२५मध्ये ह्युबाखचा व्यवसाय पुण्याच्या सुदर्शन केमिकलने घेतला. अशा ठिकाणी उद्या अपघात झाला किंवा आजार जडला, तर जबाबदार कोण? कंत्राटदार, इथली कंपनी की परदेशातली मूळ कंपनी?

पहिलं दार इथलंच

ईएसआय लागू असेल तर त्यातून लाभ, नसेल तर नुकसानभरपाईचा दावा. कामगार कंत्राटी असला, तरी मुख्य मालकाला भरपाईतून हात झटकता येत नाहीत. दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर सुप्रीम कोर्टाने १९८६मध्ये स्पष्ट केलं, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला ‘काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही.

मूळ कंपनीवर खटला होतो का?

भोपाळ प्रकरणात भारत सरकारनेच अमेरिकेत दावा लावला. न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९८६मध्ये तो भारतात चालवा म्हणून परत पाठवला. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

२०१९मध्ये चित्र बदललं. झांबियातील तांब्याच्या खाणीमुळे प्रदूषण झाल्याचा दावा करत गावकरी लंडनला गेले. खाण उपकंपनीची, मूळ कंपनी वेदांता. उपकंपनीच्या कारभारात मूळ कंपनीचा प्रत्यक्ष हात असेल, तर तिच्यावरही जबाबदारी येऊ शकते, असं सांगून ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने खटला तिथे चालू दिला.

यवतमाळ ते बाझेल

२०१७मध्ये यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन २०हून अधिक जणांचा जीव गेला. २०२०मध्ये दोन मृतांच्या पत्नी आणि बचावलेल्या एका शेतकऱ्याने सिंजेंटाविरोधात थेट स्वित्झर्लंडमध्ये कायदेशीर दावा केला. कंपनीने आरोप फेटाळले. ५१ कुटुंबांनी ‘ओईसीडी’च्या तिथल्या तक्रार केंद्राकडेही धाव घेतली. हे केंद्र मध्यस्थी करतं, भरपाईचा आदेश देऊ शकत नाही.

युरोपचे कायदे कितपत उपयोगी?

फ्रान्सने २०१७मध्ये आणि जर्मनीने २०२३पासून मोठ्या कंपन्यांना परदेशातील पुरवठादारांकडचे धोके तपासणं बंधनकारक केलं. जर्मनीत बाधित कामगार सरकारी यंत्रणेकडे तक्रार करू शकतो. मात्र या कायद्यातून भरपाईचा वेगळा हक्क मिळत नाही. युरोपीय संघाने २०२४मध्ये असाच कायदा आणला, पण २०२५मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली.

पेणचं दुसरं टोक

पेण तालुक्यातल्या डोलवीत पोलाद प्रकल्प चालवणाऱ्या जेएसडब्ल्यूने २०१८मध्ये इटलीतील पिओम्बिनोचा कारखाना घेतला. म्हणजे तिथल्या कामगारासाठी ‘परदेशी मालक’ आपल्याकडचा. जबाबदारीचा नियम दोन्हीकडे सारखाच लागायला हवा.

काय जपून ठेवाल?

- गेटपास, हजेरी, पगारपावती, ईएसआय कार्ड
- उपचारांची कागदपत्रं, वापरलेल्या रसायनाचं लेबल
- अपघाताची लेखी नोंद. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे दिलेल्या तक्रारीची पोच
- सुरक्षेचे नियम मूळ कंपनीने ठरवल्याचं दाखवणारी सूचनापत्रकं, प्रशिक्षणाचे कागद

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. परदेशातल्या कोर्टात निकाल बहुतेकदा यावरच फिरतो. दाव्याला मुदत असते, त्यामुळे युनियन किंवा वकिलाकडे जायला उशीर नको.