लाल कांद्याचा पापुद्रा

लासलगावला ट्रॉल्यांतून लिलावाला येणारा लाल कांदा (उन्हाळ नव्हे, तो फिका) पेशीपटल शिकायला बीटापेक्षा सरस, कारण त्याचा एकाच पेशीच्या जाडीचा पापुद्रा सहज सोलून निघतो. त्यावर मिठाचे दाट पाणी सोडा. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळा रस आक्रसतो. पाणी बाहेर गेले, रंग आतच राहिला. रंग पेशीभित्तिकेने अडवला असेल, ही शंका रास्त आहे. पण रंगाची कड भित्तिकेपासून दूर थांबते, मधली फट रंगहीन दिसते. दुसरा पापुद्रा ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा: भित्तिका शाबूत, तरी पाण्याला रंग चढतो, कारण उष्णतेने पटलातली प्रथिने विस्कटतात. खारवलेला पापुद्रा लगेच साध्या पाण्यात टाकला तर पेशी पुन्हा भरतात, उकडलेल्याच्या नाही. हा फरक मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायलाच हवा.