साबुदाण्याच्या गोळ्या आणि आपले रक्त

सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला होमिओपॅथीचे औषध द्यावे की देऊ नये, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन जणांनी विचारला. तिघेही विदर्भातून नोकरीनिमित्त सांगली-साताऱ्याकडे आलेले, आपल्याच समाजातले आणि पदवीधर. मला विचारण्याचे कारण उघड आहे. माझी मुलगी आठ वर्षांची असून तिला हा आजार आहे. शिवाय इस्लामपूरला मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मला औषधांतले कळते असा त्यांचा समज आहे. आमच्या घरातही हा प्रश्न निघाला, आणि एका रात्रीत मिटला नाही. तेव्हा एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा येथे सविस्तर लिहितो.

आधी आजार काय ते पाहू. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, म्हणून केसापेक्षा बारीक वाहिन्यांतूनही त्या निभावून जातात. पेशीत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येऊन बसते. बदल एवढाच. पण प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याला सांभाळते, त्यानंतर हातापायांची बोटे सुजू लागतात. आमच्या भंडाऱ्याकडे म्हाताऱ्या बाया याला वात म्हणत.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांतून शिकायला आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील, विशेषतः महार समाजातील सिकलसेलवर लिहिले. तेव्हापासून विदर्भातील दवाखान्यांत 'महारांचा आजार' हा शब्दप्रयोग रुळला. तो चूक आहे. हा दोष गोंड, परधान, कुणबी, तेली समाजांतही सापडतो. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हा दोष टिकला. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस वाहक होतो, आणि हिवतापाने मरण्यापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे आफ्रिकेत दाखवून दिले. दोघांकडून आला तर मात्र आजार. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते.

हिवतापाने दोष टिकवला, त्याला एका कुंडात साठवून ठेवले ते जातीने. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. १९५६ साली आपण धर्म बदलला, लग्नाचे वर्तुळ किती बदलले हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता होमिओपॅथी. माणसे तिच्याकडे वेडेपणाने जातात असे मी मानत नाही. त्यामागे तीन कारणे दिसतात आणि तिन्ही खरी आहेत.

पहिले, मोठ्या दवाखान्यातील वागणूक. एका रुग्णालयात रात्री दोन वाजता माझी मुलगी मांडी धरून ओरडत होती. बाहेरून सूज दिसत नव्हती. कामावरच्या तरुण डॉक्टरांनी आधी आडनाव विचारले, मग गाव, मग म्हणाले, "मुलीला शाळेत जायचे नसेल." सिकलसेलची वेदना डोळ्यांना दिसत नाही. ती रुग्णाच्या शब्दावर मानावी लागते, आणि आपल्या शब्दाची या समाजात काय किंमत आहे हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. याउलट होमिओपॅथीचे डॉक्टर तासभर बसवून घेतात. मुलीला स्वप्ने कोणती पडतात, थंडी सोसते का, राग आला तर रडते की गप्प बसते, हे सगळे लिहून घेतात. माझ्या पत्नीला एवढे आजवर कोणी विचारले नव्हते. तिथून परतताना तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला.

दुसरे कारण हायड्रॉक्सियुरिया. या आजारावरचे हे मुख्य औषध कर्करोगावरही वापरतात. औषध दुकानदार चिठ्ठी पाहून "ही तर कॅन्सरची गोळी" असे म्हणतो आणि घरात सुतक आल्यासारखे होते. त्याच्या जोडीला दर काही आठवड्यांनी रक्त तपासणे आले. गोड गोळीला यातले काहीच नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते आजाराच्या स्वभावातच आहे. सिकलसेलची कळ येते, चार-आठ दिवस राहते आणि ओसरते. मग दोन महिने, कधी सहा महिने मूल ठणठणीत असते. आईबाप औषध शोधायला निघतात ते कळ जोरात असताना. त्यानंतर जे काही द्याल त्याच्यामागून बरे दिवस येणारच. अंगारा द्या, गंडा बांधा, की दोनशे पोटेन्सीच्या गोळ्या द्या. पुन्हा कळ आली तर डॉक्टर म्हणतात, "औषध लागू पडतेय, आधी आजार उसळतो." नाही आली तर गुण आलाच! ज्या औषधाला कोणत्याही निकालाने हरता येत नाही, त्याची परीक्षा घरी घेता येत नाही. जयंतीच्या व्याख्यानात कालामसुत्त समजावून सांगणारे आपले कार्यकर्तेही स्वतःचे मूल आजारी पडले की "विश्वास ठेवला तर गुण येतो" असे म्हणताना मी ऐकले आहेत.

गोळीत काय असते हे माझ्या विषयातले आहे. जर्मनीच्या हानेमान यांनी १७९० साली सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. त्यांना हिवतापासारखी लक्षणे जाणवली. त्यावरून, निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे आणते तेच तशा आजारावर औषध, हा त्यांचा सिद्धांत निघाला. (आमच्या रक्तातला दोष हिवतापाने टिकवला आणि ही उपचारपद्धतीही हिवतापाच्या औषधातून निघाली, हा योगायोग मला नेहमी चमत्कारिक वाटतो.) पुढे ते द्रव्य विरळ करत जाण्याची पद्धत आली. एका थेंबात नव्याण्णव थेंब द्रावक, हलवा, त्यातला एक थेंब घ्या, पुन्हा नव्याण्णव. असे बारा वेळा केले की एक भाग द्रव्याला एकावर चोवीस शून्ये इतके भाग द्रावक होते. बारावीच्या विद्यार्थ्याला अ‍ॅव्होगाड्रोचा अंक ठाऊक असतो. एका मोलमधील रेणू याहून कमी भरतात, म्हणजे मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची खात्रीही येथे संपते. तीस पोटेन्सी म्हणजे हीच क्रिया तीस वेळा, एकावर साठ शून्ये. पृथ्वीएवढा पाण्याचा गोळा घेतला तरी त्यात मूळ द्रव्याचा एक रेणू सापडायचा नाही. लोक तिला साबुदाण्याची गोळी म्हणतात ते थट्टेने, पण वर्णन बरोबर आहे, फक्त साबुदाण्याऐवजी साखर म्हणायला हवे. पाण्याला आठवण राहते असे याला उत्तर देतात. मग त्या पाण्याला बाकीच्या कशाकशाची आठवण राहत असेल, आणि ते पाणी साखरेवर वाळून गेल्यावर ती आठवण कुठे राहते, याला उत्तर नाही.

कोणी म्हणेल, तर्क पुरे, प्रत्यक्ष अनुभव सांगा. अनुभव मोजलेला आहे. अमेरिका-कॅनडातील २१ केंद्रांत सिकलसेलच्या २९९ प्रौढ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचा निकाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. १५२ जणांना हायड्रॉक्सियुरिया दिले, १४७ जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. औषध घेणाऱ्यांना वर्षाला मध्यमानाने अडीच वेळा कळा आल्या, पोकळ कॅप्सूलवाल्यांना साडेचार वेळा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. माझ्या मते बिनऔषधाच्या गोळीचा सिकलसेलवर काय उपयोग, याचे उत्तर त्या १४७ जणांनी दिलेले आहे. त्यांच्याही आजारात बरे दिवस आलेच असतील. हायड्रॉक्सियुरिया करते काय, तर जन्माबरोबर मागे पडलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि ते असले की दोर तयार होत नाहीत. होमिओपॅथीपुरते बोलायचे तर २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा चाळला. ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात नाही, असे तिला आढळले.

आधुनिक वैद्यक काही देव नाही. व्हॉक्सेलोटॉर नावाचे सिकलसेलचे नवे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. ते घेणाऱ्यांत कळा आणि मृत्यू वाढल्याची शंका आकडेवारीतून आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. हे औषध बाजारात आलेच कसे, असा जाब विचारलाच पाहिजे. पण चूक पकडली गेली ती मोजल्यामुळे. दोनशे वर्षांत होमिओपॅथीने निरुपयोगी ठरले म्हणून आपले एखादे औषध मागे घेतल्याचे मला आढळलेले नाही.

याचा अर्थ होमिओपॅथीच्या डॉक्टरांना शिव्या द्याव्यात असा नाही. खेड्यातील वस्तीवर रात्री दार उघडणारा डॉक्टर पुष्कळदा बीएचएमएसच असतो. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली म्हणून तिकडे गेली आहेत. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधे लिहिण्याची वाट कायद्याने काढून दिली, त्यावरचा वाद न्यायालयात गेला. गरिबाच्या वस्तीवर पूर्ण शिकलेला डॉक्टर पाठवायचा नाही म्हणून शोधलेली ही पळवाट आहे असे माझे मत आहे. तरीही माझे एक बीएचएमएस मित्र सिकलसेलचा संशय आला की गोळी देत नाहीत, रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी देतात. असे शंभर डॉक्टर आपल्याला हवेत.

तेव्हा पत्नीला मी जे सांगितले तेच येथे सांगतो. साखरेच्या गोळीने मूल मरत नाही. तिच्यासाठी जे बंद केले जाते, त्याने मरते. "दोन्ही औषधे एकत्र चालत नाहीत" असे कोणी म्हणाले तर उठून यावे. पाच वर्षांखालील मुलाचे पेनिसिलिन थांबवू नये, कारण या आजारात प्लीहा निकामी होते आणि साधा जंतुसंसर्ग तासांत जीव घेतो. न्यूमोकॉकसची लस, फॉलिक आम्ल आणि डॉक्टरांनी ठरवलेले हायड्रॉक्सियुरिया चालूच राहावे. आमच्या घरी गोळ्या आणल्या नाहीत, पण पत्नीला तिथे मिळालेला तो तासभर खोटा नव्हता. तो सरकारी दवाखान्यात का मिळत नाही, हा प्रश्न आपल्या संघटनांच्या निवेदनात यायला हवा. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांची संघटना उभारून हेच केले, त्यांना २०१८ सालची पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आला. त्याने उच्च शिक्षणातील पाच टक्के जागांचा लाभ मिळू शकतो, नोकरीतील चार टक्क्यांतून मात्र रक्ताचे आजार वगळले आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य २०४७ सालापर्यंत सिकलसेलचे उच्चाटन हे आहे. पश्चिम महाराष्ट्रात हा आजार विरळ, म्हणून येथील डॉक्टरांच्या तो पटकन ध्यानात येत नाही. विदर्भातून इकडे आलेल्यांनी तपासणीचा कागद कायम जवळ ठेवावा आणि आजाराचे नाव स्वतःच सांगावे.

शिक्षक वाचकांसाठी थोडे. वर्गात असे मूल असेल तर त्याला बाटली जवळ ठेवू द्या आणि मागेल तेव्हा लघवीला सोडा, कारण पाणी कमी पडले की पेशी वाकतात. थंडीत सकाळच्या कवायतीला उभे करू नका. गैरहजेरीबद्दल वर्गासमोर बोलू नका. १०१ अंशांवर ताप, छातीत दुखून धाप, पोटाची डावी बाजू अचानक फुगणे, तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे, यांतले काहीही दिसले तर पालकांची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मुलाला सिकलसेल आहे.