मंगळवारी बसायचं कुठं?

लोणावळ्यात मी काही वर्षे संध्याकाळचा वर्ग घेत असे. दहावीला बाहेरून बसणारी पाचसहा मुले त्याला येत. त्यांतला एक जण हॉटेलात भांडी घासायचा. गाव पवनेच्या खोऱ्यातले, रात्रीचा मुक्काम हॉटेलच्या कोठीघरात. पास झाल्यावर तो पेढे घेऊन आला आणि उंबऱ्यात थांबून म्हणाला, "सर, आता वर्ग संपला. मंगळवारी मी बसू कुठं?"

मंगळवार ही त्याची सुटी. कोठीघरात दिवसा मालाची ये-जा, चौकात उभे राहिले तर कुणीतरी हटकणार. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमची खोलीसुद्धा परीक्षेपुरतीच मागून घेतलेली होती. या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

लोणावळ्याचे वेळापत्रक इतर गावांच्या उलटे चालते. मुंबई-पुण्याची सुटी ती इथली कामाची घाई. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे रीघ लागते, तेव्हा चिक्कीच्या दुकानांत, बंगल्यांवर आणि हॉटेलांच्या मोरीत मावळातल्या वाड्यावस्त्यांवरची पोरे राबत असतात. त्यांना मोकळीक मिळते ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, म्हणजे मित्र कामावर असताना. शाळा सुटलेली, घर दूर आणि वय सोळा ते एकवीस. या वयाच्या मुलाला कामाच्या जागेखेरीज दुसरी जागाच नसेल, तर त्याचा मालक, मुकादम किंवा गुत्त्यावरचा सोबती हेच त्याचे जग होते.

कायदा इथे कितपत पोहोचतो? भाजे गावात 'संपर्क' संस्था १९९० पासून निराधार मुलांसाठी काम करते आहे. अशा बालगृहांतील मुले अठरा वर्षांची झाली की त्यांना बाहेर पडावे लागते. त्यापुढच्या आधाराची तरतूद बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो. सहा ते आठ जणांनी एकत्र राहण्याची सोय, शिक्षणकाळात विद्यावेतन अशा गोष्टी त्यात येतात. आपल्याकडे याला 'अनुरक्षण' म्हणतात. शब्द चांगला आहे; पण तो संस्थेत वाढलेल्या मुलांसाठी आहे. माझा विद्यार्थी आईबापांच्या घरातून कामाला आलेला. तो निराधार नव्हता, म्हणून या तरतुदीत कुठेच बसत नव्हता.

पण मावळात या वयाचा विचार पूर्वी झालाच नाही असे नाही. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने तळेगावला उतरावे. १९०८ मध्ये इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: माणशी वर्षाला एक पैसा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांच्या दारी जायचे. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला आले. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली होती, आणि इथे तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. तरुणाला हातात कसब आणि भोवती माणसे मिळाली, हा त्या पैशाचा खरा परतावा. हे केंद्र गावाच्या वर्गणीचे होते, म्हणून कोणा एकाच्या मर्जीचे नव्हते.

तळेगावने कसब दिले. पण कामानंतरच्या वेळेचे काय, याचे उत्तर शोधायला मुंबईत जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी गिरणी आणि गोदी कामगारांच्या दाटीत नागपाडा नेबरहूड हाऊस उघडले. लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून, म्हणजे १८८४ पासून चालत आलेला हा विचार: वस्तीतच घर मांडायचे आणि दार उघडे ठेवायचे. तिथे वाचनालय होते, खेळ होते, वर्ग होते. थोड्याच काळात मॅन्शार्ट यांच्या ध्यानात आले की इमारत उभी राहते, पण ती चालवणारी शिकलेली माणसे नाहीत. त्यातूनच १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

हे दोन दाखले एकत्र ठेवले की लोणावळ्याला काय हवे ते दिसू लागते. दार मंगळवार-बुधवारी आणि रात्री दहापर्यंत उघडे हवे. केंद्र स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर, उजेडाच्या रस्त्यावर हवे, नाहीतर मुली येणारच नाहीत. त्यांची वेळ वेगळी आणि त्या वेळी बाई कार्यकर्ती हजर. नियम थोडे, पण भिंतीवर लिहिलेले: कोणीही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही, कामाला दोघे जण असतील, तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव ठळक असेल. अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचार समजला तर तो कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा क्रमांक दाराशीच हवा. कपाटे मात्र कुलपाची, कारण कोठीघरात झोपणाऱ्याची पहिली गरज म्हणजे आपले कागद ठेवायला जागा.

पगारी माणूस ही यातली सर्वांत महाग आणि सर्वांत टाळली जाणारी बाब. फर्निचरला देणगी मिळते, कारण त्यावर नाव कोरता येते. दोन वर्षे रोज संध्याकाळी सातला हजर राहणाऱ्या माणसाच्या पगारावर नाव कोरता येत नाही. माझा वर्गही खोलीपायी बंद पडला असे मी सांगत असे. खरे कारण मीच होतो. मला वेळ नव्हता आणि माझ्या जागी उभे करायला कुणी नव्हते.

तो मुलगा पुढे चाकणला कामाला गेला. त्या हॉटेलात आता दुसरा आहे. त्याची सुटी बुधवारी असते.