सवलतीची वित्तपुरवठा योजना

सवलतीची वित्तपुरवठा योजना ही परदेशातील सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या पायाभूत सुविधा प्रकल्पांच्या निविदांमध्ये उतरणाऱ्या भारतीय कंपन्यांना पाठबळ देणारी भारत सरकारची योजना आहे. कन्सेशनल फायनान्सिंग स्कीम या इंग्रजी नावाने आणि सीएफएस या संक्षेपानेही ती ओळखली जाते. २०१५-१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१८ मध्ये २०२३ पर्यंत पहिली मुदतवाढ दिली. योजनेतील कर्ज भारतीय कंपनीला न मिळता प्रकल्प उभारून घेणाऱ्या परदेशी सरकारला किंवा त्याच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थेला मिळते.

पार्श्वभूमी

वीजकेंद्रे, रेल्वेमार्ग, बंदरे यांसारख्या प्रकल्पांचा खर्च अनेक देशांना स्वतःच्या महसुलातून झेपत नाही. त्यामुळे अशा कामाची निविदा काढताना बांधकामाच्या किमतीबरोबरच कर्जाच्या अटीही पाहिल्या जातात. चीन, जपान, युरोप आणि अमेरिकेतील कंपन्यांना आपापल्या देशांतील संस्थांमार्फत कमी व्याजाचे व दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ करता येत असे. भारतीय कंपन्यांना मात्र महाग भांडवलामुळे मोठ्या कामांच्या स्पर्धेत उतरणे कठीण जाई. व्याजदरातील फरक लहान दिसला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. १०० कोटी डॉलरच्या कर्जावर दर २ टक्क्यांनी कमी झाल्यास संपूर्ण मुद्दल थकीत असेपर्यंत दरवर्षी २ कोटी डॉलरची बचत होते.

कार्यपद्धती

परराष्ट्र मंत्रालय भारताचे सामरिक हित लक्षात घेऊन प्रकल्पाची निवड करते आणि प्रस्ताव अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे पाठवते. या विभागाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील आंतरमंत्रालयीन समिती प्रत्येक प्रकल्पावर स्वतंत्रपणे निर्णय घेते. मंजुरीनंतर भारतीय निर्यात-आयात बँकेला, म्हणजेच एक्झिम बँकेला, औपचारिक पत्र दिले जाते. संपूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची ही बँक १९८१ च्या कायद्यान्वये १९८२ मध्ये स्थापन झाली असून तिचे मुख्यालय मुंबईत आहे. प्रकल्पाचे कंत्राट भारतीय कंपनीला मिळाले तरच कर्ज दिले जाते.

व्याज आणि हमी

एक्झिम बँक स्वतः बाजारातून निधी उभारते. तिला सवलतीच्या दराने कर्ज देता यावे म्हणून केंद्र सरकार २ टक्के व्याज समकरण साहाय्य देते. २०१८ च्या तरतुदींनुसार कर्जाचा दर सहा महिन्यांच्या सरासरी लायबॉर दरापेक्षा १ टक्क्याहून अधिक असू नये, असे ठरले होते. लायबॉर हा लंडनमधील बँकांच्या परस्पर कर्जांवर आधारलेला तत्कालीन आंतरराष्ट्रीय प्रमाणदर होता.

कर्जाच्या परतफेडीची हमी परदेशी सरकार देते. त्याशिवाय भारत सरकार एक्झिम बँकेला प्रतिहमी देते. परदेशी सरकारने हमी पाळली नाही, तर बँकेचे नुकसान अखेरीस भारताच्या तिजोरीवर येते.

इतर योजनांपासून वेगळेपण

भारत सरकारच्या वतीने एक्झिम बँक विकसनशील देशांना ‘लाइन ऑफ क्रेडिट’ हे विकासकर्जही देते. ते संबंधित सरकारच्या विनंतीवरून दिले जाते आणि त्यातील किमान ७५ टक्के वस्तू व सेवा साधारणतः भारतातून घ्याव्या लागतात. २०११ पासून राष्ट्रीय निर्यात विमा खात्याच्या आधारे परदेशी खरेदीदारालाही कर्ज मिळते. त्यात जोखमीला विम्याचे संरक्षण असते. सवलतीच्या वित्तपुरवठा योजनेत मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय कंपनीची बाजू बळकट करण्यावर भर आहे.

रामपाल प्रकल्प

बांगलादेशातील रामपाल येथील १,३२० मेगावॅट क्षमतेचे मैत्री औष्णिक वीजकेंद्र हे या योजनेचे प्रमुख उदाहरण होय. भारताची एनटीपीसी आणि बांगलादेश ऊर्जा विकास मंडळ यांच्या समान भागीदारीतील कंपनीने ते उभारून घेतले. बांधणीचे कंत्राट २०१६ मध्ये भेल या भारतीय सार्वजनिक कंपनीला मिळाले. एक्झिम बँकेने त्यासाठी १.६ अब्ज डॉलरचे कर्ज दिले. प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या दोन संचांपैकी दुसऱ्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले.

सुंदरबनच्या जवळ असल्यामुळे प्रकल्पाला बांगलादेशात मोठा विरोध झाला. जागतिक वारसास्थळाला धोका असल्याचे सांगून युनेस्कोने २०१६ मध्ये तो अन्यत्र हलवण्याची शिफारस केली होती.

जोखीम आणि टीका

अशा कर्जांमुळे देशातील यंत्रसामग्री, अभियांत्रिकी सेवा व रोजगार यांना मागणी मिळते आणि परराष्ट्र संबंध दृढ होतात, असे समर्थक मानतात. कंत्राट विशिष्ट देशाच्या कंपनीलाच देण्याच्या अटीमुळे स्पर्धा मर्यादित होऊन प्रकल्प महाग पडू शकतो, हा बद्ध कर्जांवरील जुना आक्षेप आहे. स्वस्त व्याजाचा लाभ किमतीतील वाढीने नाहीसा झाला, तर त्याचा भार कर्जदार देशाच्या जनतेवर पडतो.

दुसरी चिंता परतफेडीची आहे. झांबियाने २०२० मध्ये, तर श्रीलंकेने २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली. प्रतिहमीसाठी सरकारला आज पैसे मोजावे लागत नाहीत. परंतु कर्ज बुडाल्यास ते भारतीय करदात्यांकडूनच येतात. कंत्राटाचे पैसे कंपनीला काम चालू असतानाच मिळतात, तर कर्जाची जोखीम दोन्ही देशांच्या तिजोऱ्यांवर अनेक वर्षे राहते. त्यामुळे प्रकल्पाची निवड करताना सामरिक हिताइतकीच त्याची आर्थिक व्यवहार्यता, पर्यावरणीय परिणाम आणि कर्जदाराची परतफेडीची क्षमता महत्त्वाची ठरते.