माहितीची पावती जपणारं झोटेरो



बचत गटात एक नियम आपण पहिल्या दिवसापासून पाळतो. पावती नाही, तर खर्च मान्य नाही. दहा रुपयांचा गोंद आणला तरी त्याचं बिल फाईलला लागतं. पैशाच्या बाबतीत इतक्या काटेकोर असणाऱ्या आम्ही माहितीच्या बाबतीत मात्र अगदी ढिल्या होतो. त्याची किंमत आमच्या एका मैत्रिणीला मोजावी लागली असती. आज तीच गोष्ट सांगायची आहे, आणि त्यातून आम्ही जे शिकलो तेही.

आम्ही गटांच्या बायकांसाठी मालमत्तेच्या हक्कांवर एक छोटी पुस्तिका केली होती. वर्तमानपत्रातली कात्रणं, शिबिरात मिळालेले कागद, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो असं जमवून लिहिली आणि झेरॉक्स काढून वाटली. त्यात एक वाक्य होतं : वडील ९ सप्टेंबर २००५ पूर्वी वारले असतील, तर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा हिस्सा मागता येत नाही. आमच्या मैत्रिणीचे वडील २००१ मध्ये गेले. भावांनी हक्कसोडपत्राचे कागद आणले. तिनं आमची पुस्तिका वाचली आणि म्हणाली, "आपला हक्कच नाही, तर सही करून टाकते."

त्याच आठवड्यात गटातल्या एका ताईंची एम.ए. करणारी मुलगी बैठकीला आली होती. पुस्तिका चाळता चाळता तिनं विचारलं, "मावशी, हे वाक्य कुठून घेतलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पिशव्या उपसल्या, मोबाईल धुंडाळले. शेवटी कात्रण सापडलं, पण कापताना वरची तारीख गेलेली. कुठल्या वर्तमानपत्राचं, कुठल्या सालचं, काही कळेना. मग त्या मुलीनंच मूळ निकाल शोधले. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१५ मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या खटल्यात तसं म्हटलं होतं, हे खरं. पण ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानं ते मत बदललं. मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट झालं. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. म्हणजे आमचं वाक्य एके काळी बरोबर होतं, पण आम्ही ते वाटलं तेव्हा शिळं झालं होतं. कात्रणावर तारीख असती, तर निदान शंका तरी आली असती.

सही थांबली. पुढचं वकील बघताहेत. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो, हे जाता जाता लक्षात ठेवा.

मग आम्ही त्या मुलीला विचारलं, "तू हे सगळं कसं सांभाळतेस?" तिनं लॅपटॉप उघडून 'झोटेरो' दाखवलं. संशोधन करणारी मंडळी पुस्तकं, लेख, निकाल, अहवाल यांचे संदर्भ ज्यात नीट लावून ठेवतात, त्यातलं हे एक सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते तयार झालं आणि २००६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मराठीत लिहिलेलंही नीट साठवतं.

काम कसं चालतं ते सांगतो. संगणकावर झोटेरो टाकायचं आणि क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये त्याचा 'कनेक्टर' जोडायचा. मग एखादा लेख वाचताना वरच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं, की लेखाचं नाव, लेखक, तारीख, पत्ता असा सगळा तपशील झोटेरोत जाऊन बसतो. आपण तो कधी पाहिला ती तारीखही लागते. वेबपानाची प्रतही ठेवता येते, म्हणजे उद्या ते पान काढून टाकलं तरी आपला पुरावा राहतो. पुस्तक असेल तर मागच्या बाजूला छापलेला आय.एस.बी.एन. क्रमांक टाकायचा, बहुतेक वेळा उरलेली माहिती आपोआप येते.

बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो. शासन निर्णयाची पीडीएफ टाकली तर झोटेरो ती ओळखेलच असं नाही. तिथे हातानं भरावं लागतं : विभागाचं नाव, विषय, क्रमांक, दिनांक, आणि संकेतस्थळावरचा तो लांबलचक संकेतांक. एकदाच पाच मिनिटं जातात. आपोआप आलेली माहितीही डोळ्यांखालून घालायची. बँकेनं पासबुक छापून दिलं तरी आपण आकडे तपासतोच ना, तसंच.

आमची एक चूक ऐका. लेखकाच्या जागी आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. आम्ही त्यात 'महाराष्ट्र शासन' भरलं, तर यादीत आलं 'शासन, महाराष्ट्र'. सगळ्या हसलो. संस्था किंवा शासन असेल, तर शेजारचं बटण दाबून एकच रकाना करायचा. दुसरी सवय म्हणजे एका व्यक्तीचं नाव नेहमी एकाच पद्धतीनं लिहायचं. एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये लिहिलं, तर झोटेरो त्या दोन बायका समजतं.

सालाचाही घोळ होतो. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' घ्या. पुस्तक १८८२ चं. पुढं ते विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. रोझलिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर १९९४ चं. तुमच्या हातात मालशे यांची प्रत असेल, तर पान क्रमांक त्याच प्रतीचा द्यायचा आणि सालही १९७५ लिहायचं, मूळ साल वेगळं नोंदवायचं. नुसतं '१८८२, पान ४०' लिहिलं, तर वाचणारीला ते पान सापडायचं नाही.

नोंदी जमल्या की त्यांचे गठ्ठे करायचे. झोटेरोत त्याला 'कलेक्शन' म्हणतात. घरावर पतीपत्नी दोघांचं नाव लावण्याबद्दलचं २००३ चं परिपत्रक आमच्याकडे 'घर' आणि 'ग्रामपंचायत' या दोन्ही कलेक्शनमध्ये दिसतं, पण नोंद एकच आहे. कपाटात एक कागद दोन फायलींत ठेवता येत नाही, इथे येतो. शिवाय 'टॅग' लावता येतात. आम्ही 'तपासलं', 'तपासायचं' आणि 'बदललं' असे तीन ठेवले आहेत. २०१५ चा तो निकाल आम्ही पुसला नाही. त्याला 'बदललं' हा टॅग लावला आणि खाली टिपण लिहिलं : २०२० चा निकाल पाहा. कुणी जुनं कात्रण दाखवलं, तर ते कुठून आलं हेही सांगता आलं पाहिजे.

ज्यांच्या घरी मुली एम.ए., बी.एड. किंवा पीएच.डी. करताहेत, त्यांनी हे जरूर सांगा. वर्डमध्ये किंवा लिबर ऑफिसमध्ये लिहिताना झोटेरोचं बटण दाबून तिथल्या तिथे संदर्भ घालता येतो आणि शेवटी ग्रंथसूची आपोआप तयार होते. मार्गदर्शक म्हणाले, ही पद्धत नको, दुसरी हवी, तर एका क्लिकवर सगळी यादी बदलते. रात्ररात्र जागून स्वल्पविराम बदलत बसायला नको. मराठी प्रबंधात मध्येच 'अँड' असे इंग्रजी शब्द आलेत का, तेवढं शेवटी पाहायचं.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती 'ग्रुप लायब्ररी'. चौघी चार गावांत बसून एकाच संग्रहात नोंदी भरतो. इंटरनेटवर ३०० एमबी जागा फुकट मिळते. पीडीएफ भराभर टाकल्या तर ती लवकर संपते, म्हणून जड फायली संगणकावरच ठेवतो आणि महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत पेनड्राईव्हवर घेतो.

संगणक नसेल तर? एक शंभर पानी वही घ्या. पाच रकाने आखा : कुणी लिहिलं, काय, कुठे छापलं, कधी, आणि आपण कधी पाहिलं. कात्रण कापण्याआधी तारीख लिहा. सॉफ्टवेअर हेच काम झटपट करतं. सवय मात्र आपल्यालाच लावावी लागते.

पुस्तिकेची नवी आवृत्ती आम्ही काढली आहे. जुन्या प्रती घरोघरी जाऊन परत घेतल्या. काही मिळाल्या नाहीत, त्याची रुखरुख आहे. तुमच्या घरात ती जुनी पुस्तिका असेल, तर पान उघडा. वाक्याखाली संदर्भ नसेल, तर ती आमची जुनी प्रत. ती आम्हाला परत द्या आणि नवी घेऊन जा.