दोन पाळ्यांचे ओझे

दिवाळीच्या सुमारास दिग्रस परिसरात कापसाची वेचणी सुरू होते. घरची स्त्री पहाटेच स्वयंपाक उरकून शेत गाठते; सायंकाळी परतल्यावर पुन्हा चूल, भांडी आणि मुले. कमाईची एक पाळी, घराची दुसरी.

याच वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून, एकच दोष दोघांत असता शिक्षा फक्त स्त्रीलाच का, असा जाब विचारला. पुढे स्त्रीवादाने शिक्षण, कमाई आणि निर्णयाचा अधिकार मागितला. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हा लाभ साऱ्या कुटुंबाचा आहे.

मग तोटा कोणता? स्त्री घराबाहेर पडली, पण घरकाम वाटले गेले नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७, असे आढळले. त्यातच सर्वांनंतर, उरलेले जेवण्याची रीत! महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. ‘सगळे जमलेच पाहिजे’ हा अट्टहास मनही थकवतो.

हा दोष समतेचा नव्हे, अर्धवट राहिलेल्या समतेचा आहे. उपाय घरातच आहे: पंगत सर्वांची एकत्र बसावी, भांडी व पाणी पुरुषांनी वाटून घ्यावे, तिचे रक्त वेळोवेळी तपासावे. हक्क कागदावर मिळतो. विसावा मात्र घरच्यांनीच द्यावा लागतो.