मे महिन्यात सावली देणारे झाड

चंद्रपूर जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा आहे. शेजारच्या गडचिरोलीत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या वर जाते. १९५५ साली राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरलेले ताडोबा चंद्रपूर शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही देशातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत चंद्रपूर आणि याच जिल्ह्यातील ब्रह्मपुरी ही नावे जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात असतात. २०१९ च्या मे महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. एवढे जंगल असताना शहर एवढे तापते कसे, असा प्रश्न बाहेरून येणाऱ्याला हमखास पडतो.

त्याचे एक उत्तर जंगलातच आहे. इथले जंगल पानगळीचे, त्यात सागवान मोठ्या प्रमाणावर. ऐन उन्हाळ्यात सागाच्या फांद्या उघड्या असतात आणि नवी पालवी पावसाच्या तोंडावर येते. दुसरे उत्तर शहरात आहे. वीस-तीस किलोमीटरवरचे झाड बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर सावली धरू शकत नाही. डांबरी रस्ते, सिमेंटची अंगणे आणि पत्र्याची छपरे दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्रभर ती सोडत राहतात. म्हणून जिल्ह्यात हिरवळ किती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो नवतपात भरदुपारी माणूस जिथे उभा असतो तिथे सावली आहे का, हा.

घाम, माठ, कुलर आणि झाड

माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून तापली की शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर आणि वाळ्याचा कुलर चालतो तोही याच तत्त्वावर. झाडही वेगळे काही करत नाही. मुळांनी ओढलेले पाणी ते पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफेच्या रूपात सोडते आणि भोवतालची हवा थोडी निववते.

मात्र झाडाचा मोठा उपकार सावलीचा. हवामान खात्याचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. म्हणजे ‘४६ अंश’ हे सावलीतले तापमान. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्यावर सूर्याची थेट किरणे आणि साठ अंशांच्याही पुढे तापलेल्या डांबराची धग सोसावी लागते. दाट पर्णसंभार ही दोन्ही ओझी हलकी करतो. चाळीस अंशांच्या पुढे नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो; झाडाखाली मात्र शरीरावर येणारी उष्णताच कमी होते.

२०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातील ९३ शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरांतील वृक्षछत्र ३० टक्क्यांपर्यंत वाढवले, तर शहरी उष्णतेमुळे उन्हाळ्यात होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक टळू शकतात, असा त्याचा अंदाज आहे. विदर्भाचे ऊन युरोपाहून कितीतरी कडक असल्याने हे आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा कळते. उष्णतेने मोठ्या संख्येने माणसे दगावतात हे आपल्याकडेही दिसले आहे. मे २०१० मधील लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला.

कोणते झाड, कोणत्या जागी?

वृक्षारोपणात किती खड्डे खणले हे मोजले जाते. ते झाड एप्रिल-मेमध्ये कसे असते, हे क्वचितच पाहिले जाते. गुलमोहर उन्हाळ्यात फुलतो सुंदर, पण त्या काळात त्याची पाने विरळ असतात. निलगिरीची सावली तुटपुंजी. याउलट कडुलिंब, करंज आणि पिंपळ यांना कडक ऊन सुरू होईपर्यंत नवी पालवी आलेली असते. वड, आंबा, जांभूळ आणि चिंच उन्हाळ्यातही हिरवे राहतात. मोहाची फुले वेचून झाली की एप्रिलमध्ये त्याला पाने फुटू लागतात. ही सारी झाडे या मातीत रुजलेली आहेत.

जागाही तितकीच महत्त्वाची. बसथांबा, आठवडी बाजार, मजुरांचा नाका, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरची रांग, शाळेचे फाटक, रिक्षाचा थांबा, अशा ठिकाणी माणसे नाइलाजाने उन्हात उभी असतात. ऊन सर्वांत आधी बाधते ते वृद्धांना, तान्ह्या मुलांना, गर्भवतींना, हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या आणि काही मानसिक आजारांवरील औषधे घेणाऱ्यांच्या शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते. उद्याने दुपारी कुलूपबंद ठेवायची आणि सायंकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडायची, ही अनेक शहरांतली रीत उन्हाळ्यापुरती तरी बदलायला हवी.

झाडे म्हणजे प्रदूषणावरचा उतारा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. औष्णिक वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या या परिसराचा २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिगंभीर प्रदूषित क्षेत्रांत समावेश केला होता. पाने थोडी धूळ अडवतात. धूर आणि धूळ मुळातच कमी करण्याची जबाबदारी मात्र ती सोडणाऱ्यांचीच राहते.

तलाव कुणाच्या कामाचा?

झाडाला पाणी मिळाले नाही तर ते पानांवरची छिद्रे मिटून घेते आणि गारवा थांबतो. त्यामुळे सावलीचा विचार पाण्याशिवाय पुरा होत नाही. गोंड राजवटीपासून पूर्व विदर्भात पावसाचे पाणी अडवणारे तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदियात असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि अनेक गाळाने भरत गेले. चंद्रपूर शहरातल्या गोंडकालीन रामाळा तलावालाही सांडपाणी आणि जलपर्णीने ग्रासले. त्याच्या संवर्धनासाठी ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला होता.

तलाव उन्हाळ्यात भोवतालची झाडे जगवतो आणि पावसाळ्यात पुराचे काही पाणी पोटात घेतो. २०२२ च्या पावसाळ्यात इरई आणि वर्धा नद्यांच्या पुराने चंद्रपूरच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीकाठ आणि नाले मोकळे ठेवणे हा आरोग्याचाही विषय आहे, कारण पूर ओसरला की मागे जुलाब, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस येतात.

दाट झुडूप म्हणजे सावली नव्हे

या भागात हिरवळीला दोन पथ्ये आहेत. पहिले वन्यप्राण्यांचे. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आणि वीज केंद्राच्या परिसरात माजलेल्या काटेरी झुडपांत वाघ-बिबट्यांना आडोसा मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला. वस्तीजवळ हवीत ती उंच बुंध्याची, वर पसरणारी झाडे, आणि खालची जमीन मोकळी. खालून वारा खेळतो आणि दूरवर दिसतेही. जूनमध्ये हवा दमट होऊन घाम वाळेनासा होतो, तेव्हा तर हा वारा सावलीइतकाच मोलाचा.

दुसरे पथ्य डासांचे. गडचिरोली हा राज्यात हिवतापाचा मोठा भार असलेला जिल्हा. झाडांच्या आळ्यांत, कुंड्यांत आणि बागेतल्या टाक्यांत पाणी साचू देऊ नये. तलावाच्या कडा गवतमुक्त ठेवाव्यात आणि त्यात गप्पी मासे सोडावेत.

ऊन लागले तर

गरगरणे, मळमळ, पायात गोळे येणे ही सुरुवातीची लक्षणे. अशा वेळी सावलीत बसावे आणि पाणी, मीठ-साखरेचे पाणी किंवा पन्हे घोट-घोट घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखे तापले असेल, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा; बर्फ असल्यास मान, काखा आणि जांघांत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

येत्या पावसाळ्यात झाड लावणाऱ्यांनी संख्येऐवजी एक जागा निवडावी, जिथे मे महिन्यात माणसे उन्हात उभी असतात. तिथे कडुलिंब किंवा करंज लावावा, बुंध्याभोवती हातभर माती सिमेंटविना ठेवावी आणि पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे. आज मोठे असलेले झाड तोडू न देणे हे त्याहून सोपे आणि स्वस्त. लावलेल्या रोपाची सावली मिळायला काही वर्षे जातात. उभ्या झाडाची आजच मिळते.